पोटावरची पिशवी: वन-पीस की टू-पीस, आणि लावायला कोणाकडून शिकावं

मोठ्या आतड्याच्या, गुदाशयाच्या किंवा मूत्राशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ज्यांना शी किंवा लघवी साठवायला पोटावर पिशवी चिकटवावी लागते, त्यांच्या घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या कंपनीची घ्यायची? कोलोप्लास्ट, कॉन्व्हाटेक, हॉलिस्टर या तिन्ही कंपन्यांचा माल आपल्याकडे मोठ्या शहरांत मिळतो आणि तिन्हींचा माल चांगला आहे. तरीही एकाच कंपनीची, एकाच मापाची पिशवी एकाच्या पोटावर चार दिवस टिकते आणि दुसऱ्याची रोज गळते. कातडीला चिकटणाऱ्या प्लेटला भोक किती कापलं, कातडी किती कोरडी होती आणि प्लेट किती वेळ दाबून धरली, यावर सगळं अवलंबून असतं. डब्यावरची चित्रं बघून हे येत नाही, कोणीतरी समोर बसून शिकवावं लागतं. म्हणून इथे पिशव्यांबरोबर त्या लावायला शिकवणाऱ्यांबद्दलही लिहिलं आहे.

पोटावर आतड्याचं जे तोंड काढतात त्याला स्टोमा म्हणतात. तो लाल आणि ओलसर असतो. त्याला हात लावला तरी दुखत नाही, आणि पुसताना थोडं रक्त आलं तर घाबरायचं कारण नाही. तो जांभळा किंवा काळा पडला, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. मोठ्या आतड्याचं तोंड काढलं तर ती कोलोस्टॉमी. बहुधा डाव्या बाजूला असते आणि शी बऱ्यापैकी घट्ट येते. लहान आतड्याचं काढलं तर इलिओस्टॉमी. बहुधा उजवीकडे, पातळ, आणि दिवसभर थोडं थोडं चालूच. मूत्राशय काढल्यावर लघवीसाठी करतात ती युरोस्टॉमी. तिच्या पिशवीला खाली तोटी असते आणि लघवी उलटी वर चढू नये म्हणून आत झडप असते. दुकानात नुसतं ‘स्टोमाची बॅग द्या’ म्हटलं तर हातात काय पडेल याचा भरवसा नाही. तीनपैकी कुठली, हे स्पष्ट सांगावं आणि शक्य तर आधीच्या डब्याचं झाकण किंवा त्याचा फोटो बरोबर न्यावा.

आता मथळ्यातला प्रश्न, वन-पीस की टू-पीस. वन-पीसमध्ये प्लेट आणि पिशवी एकसंध असतात. ती पातळ असते, अंगाबरोबर वाकते, कपड्यातून उठून दिसत नाही आणि जोडणीची भानगड नाही. ऑक्झालिप्लाटिनच्या केमोनंतर ज्यांची बोटं बधिर झाली आहेत, त्यांना टू-पीसची, प्लेट आणि पिशवी जोडणारी रिंग नीट बसली की नाही ते कळत नाही. अशांना वन-पीसच बरी. तोटा असा की पिशवी बदलायची म्हणजे सगळंच उचकटायचं, आणि दर वेळी कातडी ओढली जाते. नाजूक कातडीला, विशेषतः रेडिएशन झालेल्यांच्या, हे फार दिवस सोसत नाही.

टू-पीसमध्ये प्लेट पोटावर राहते आणि पिशवी रिंगवर बसवायची असते. प्लेट ३ ते ५ दिवस ठेवता येते, मधे पिशवी काढून दुसरी लावता येते. आत काय चाललंय ते बघायचं झालं तर प्लेट न हलवता बघता येतं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी पिशवी तिरकी, कुशीच्या बाजूला वळवून लावता येते, म्हणजे रिकामी करताना त्याला उठवावं लागत नाही. घरच्यांसाठी ही मोठीच सोय. उणेपणा रिंगचा. ती कडक असते, आणि पोट सुटलेलं असेल किंवा स्टोमाजवळ घडी पडत असेल, तर खाली वाकताना प्लेटची कड सुटते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत दुखऱ्या पोटावर रिंग दाबणंही नको होतं. तेव्हा रिंगच्या खाली दोन बोटं सरकवून वरून अंगठ्याने दाबायचं, पोटावर जोर येत नाही. चारी बाजूंनी बसली की पिशवी हलकेच खाली ओढून बघायची. ही एक ओढ न दिल्यामुळे भर बाजारात पिशवी सुटल्याच्या तक्रारी खूप असतात.

पहिले दोन महिने पारदर्शक, खालून उघडणारी टू-पीस घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण स्टोमाचा रंग आणि टाके दिसत राहणं तेव्हा गरजेचं असतं. पुढे कातडी सरावली, माप स्थिर झालं, की फिरतीचं काम करणाऱ्या कोलोस्टॉमीवाल्याने वन-पीस वापरून बघावी. इलिओस्टॉमीत दिवसाला पाच-सहा वेळा पिशवी रिकामी करावी लागते, तिथे टू-पीसच टिकाऊ. एकदम महिन्याभराचा डबा घेऊ नये. कंपन्या नमुन्याची पिशवी देतात; मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागावी.

रिंगच्या आकड्यांत बरेच जण फसतात. कॉन्व्हाटेकच्या रिंगा ४५, ५७, ७० मिलिमीटर अशा येतात, कोलोप्लास्टच्या ४०, ५०, ६०. प्लेट आणि पिशवी दोन्हींवर एकच आकडा हवा आणि कंपनी व मालिकाही एकच हवी. आकडा जुळला तरी दुसऱ्या कंपनीची पिशवी बसेलच असं नाही. हा आकडा रिंगचा असतो, स्टोमाचा नव्हे. स्टोमा ३० मिलिमीटरचा असेल तरी प्लेट ५७ ची चालते, भोक आपण कापतो तेवढंच असतं.

आणि ते कापणं हीच खरी परीक्षा. डब्यात गोल भोकांचं माप दिलेलं कार्ड असतं. ते स्टोमावर धरायचं आणि जे भोक स्टोमाला न टेकता सभोवती अगदी बारीक फट ठेवतं, ते घ्यायचं. भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटरच मोठं हवं. स्टोमा गोल नसेल, बऱ्याचदा लांबट असतो, तर पारदर्शक प्लास्टिकवर त्याची कड पेनाने काढून साचा करून ठेवावा. मात्र ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत आकसत जातो. हॉस्पिटलमधून सुटताना दिलेल्या साच्यावर तीन महिने कापत राहणं हे गळतीचं सर्वांत मोठं कारण आहे. स्टोमा लहान होतो, भोक तेवढंच राहतं, मधली उघडी कातडी भाजल्यासारखी लाल होते, ओली होते, आणि ओल्या कातडीवर पुढची प्लेट चिकटत नाही. पहिले दोन महिने दर आठवड्याला नव्याने मापावं. उलट भोक फार घट्ट कापलं तर प्लेटची कड स्टोमाला कापते. तिथे दुखत नसल्यामुळे हे पिशवीत रक्त दिसल्यावरच कळतं. कापल्यावर आतल्या कडेवरून बोट फिरवून ती गुळगुळीत करायची.

बदलायची वेळ सकाळची, चहासुद्धा घेण्याआधीची. पोट रिकामं असतं, मधेच वाहून यायचा धोका कमी. जुनी प्लेट ओढायची नाही. एका हाताने कातडी खाली दाबत वरून खाली सोडवायची. नुसत्या कोमट पाण्याने आणि मऊ सुती कापडाने धुवायचं. डेटॉल, स्पिरिट, तेलकट साबण, बेबी वाइप्स, खोबरेल तेल यांतलं काहीही नको. तेलाचा अंश राहिला की प्लेट धरत नाही. केस असतील तर जपून कापायचे, नाहीतर प्रत्येक वेळी उपटले जाऊन पुळ्या येतात. कातडी पूर्ण कोरडी करायची. मधे स्टोमातून काही आलं तर टिपायला कापसाऐवजी कापडाची घडी हाताशी ठेवावी, कारण कापसाचे धागे चिकटून राहतात. प्लेट तळहातांत मिनिटभर धरून ऊब द्यायची, मग पोट ताणून, घडी मोकळी करून, खालून वर लावायची आणि हात वर ठेवून दोन-तीन मिनिटं दाबून धरायची. प्लेटचा चिकटा अंगाच्या उष्णतेने धरतो. हे तीन मिनिटं धरणं कंटाळवाणं वाटतं, पण त्यावर पुढचे चार दिवस अवलंबून असतात.

काढलेली प्लेट लगेच फेकू नये, उलटी करून बघावी. चिकटा भोकाभोवती सगळीकडे सारखा झिजला असेल तर वेळेवर बदलली. एकाच बाजूला वितळून शी आत शिरलेली दिसली तर तिथे खळगा किंवा घडी आहे. त्या जागी पेस्ट किंवा रिंगसारखी पट्टी लागेल. प्लेटखाली खाज किंवा जळजळ सुरू झाली तर बाहेर डाग दिसत नसला तरी आत गळती सुरू झालेली असते. वरून चिकटपट्ट्या मारून दिवस ढकलणं म्हणजे कातडीवर शी झाकून ठेवणं.

जोडीच्या वस्तूंबद्दल माझं मत काहीसं कडक आहे, कारण दुकानदार सगळंच देऊ करतो. पेस्ट चिकटवण्यासाठी नसते, खळगे भरण्यासाठी असते. सपाट पोटाला तिची गरज नाही. जास्त थापली तर उलट प्लेट सरकते. तिच्यात अल्कोहोल असेल तर सोललेल्या कातडीवर झोंबते. पावडर फक्त ओलसर, लाल कातडीवर टाकायची आणि जास्तीची झटकून टाकायची. कोरड्या, निरोगी कातडीवर ती नकोच. स्टोमा पोटाच्या पातळीत किंवा आत ओढलेला असेल तर साध्या प्लेटऐवजी फुगीर म्हणजे कॉन्व्हेक्स प्लेट आणि पट्टा यांनी बराच फरक पडतो, पण ती नर्सला दाखवूनच घ्यावी. चुकीच्या पोटावर तिचा दाब जखम करतो. पिशवी बंद करायला क्लिप की वेलक्रो, यात आपल्याकडच्या भारतीय संडासात बसणाऱ्यांसाठी वेलक्रो बरी. क्लिप हातातून निसटून खाली गेली की गेली, म्हणून क्लिपवाल्यांनी दोन जवळ ठेवाव्यात.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. निम्म्यावर गेली की वजनाने प्लेट ओढते. उकिडवं बसता येत नसेल तर बाथरूममधे प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, समोर मग धरून रिकामी करावी. खाली आधी थोडं पाणी ओतून ठेवलं तर शिंतोडे उडत नाहीत. खालची शेपटी, म्हणजे पिशवीचं उघडायचं तोंड, आतून-बाहेरून पुसली नाही तर वास तिथूनच येतो, आणि माणसाला वाटतं पिशवीच वास मारते. चांगल्या पिशवीतून बंद असताना वास येत नाही. येत असेल तर शेपटी तरी अस्वच्छ आहे, नाहीतर प्लेट सुटली आहे. पिशव्यांना वायू सोडायला कोळशाचा फिल्टर असतो. तो ओला झाला की निकामी होतो, म्हणून अंघोळीच्या वेळी डब्यातली छोटी चिकटपट्टी त्यावर लावायची.

एप्रिल-मेच्या उन्हात विदर्भात आणि बारा महिने दमट असलेल्या मुंबई-कोकणात प्लेट कंपनीने सांगितलेले दिवस टिकत नाही. घामाने कड उचलते. पाचऐवजी तीन दिवस धरून हिशोब करावा, पिशवी आणि कातडी यांच्यामधे सुती कापडाचं कव्हर घालावं. डबा खिडकीत किंवा गाडीत ठेवू नये, उष्णतेने चिकटा पाघळतो.

कपड्यांचा मुद्दा ऑपरेशनच्या आधीचा आहे आणि तो सर्वांत जास्त राहून जातो. स्टोमा कुठे काढायचा याची खूण ऑपरेशनआधी पोटावर करून घेता येते आणि करून घ्यायलाच हवी. रुग्णाला झोपवून, बसवून, उभं करून, वाकवून बघतात. बेंबी, हाडाची कड, जुना व्रण आणि पोटाची घडी टाळतात. साडी नेसणाऱ्या बाईने परकराची नाडी जिथे बांधते तिथे बांधूनच खूण करायला बसावं, आणि धोतर किंवा पायजमा वापरणाऱ्याने तो घालून. नाडी बरोबर स्टोमावर आली तर पुढची कितीतरी वर्षं रोज त्रास. जी व्यक्ती जमिनीवर मांडी घालून जेवते, तिची खूण मांडी घालूनही तपासायला सांगावं. इमर्जन्सीत हे जमत नाही, पण ठरवून होणाऱ्या ऑपरेशनला न होण्याचं काही कारण नाही.

डाव्या बाजूच्या कायमच्या कोलोस्टॉमीवाल्यांसाठी आणखी एक मार्ग आहे, इरिगेशन. शंकूसारख्या टोकाच्या नळीने स्टोमातून ५०० मिलिलिटर ते एक लिटर कोमट पाणी सोडायचं. पाण्याची पिशवी बसल्यावर खांद्याच्या उंचीला टांगायची. आत-बाहेर धरून तासभर जातो. जमलं की पुढचा एक दिवस, काहींना दोन दिवस, शी येत नाही आणि स्टोमावर छोटं झाकण किंवा पॅड पुरतो. महिन्याचा पिशव्यांचा खर्च एकदम खाली येतो, म्हणून आपल्याकडे हे जितक्यांना शिकवता येईल तितकं चांगलं. पोटात कळ आली तर पाणी फार गार किंवा फार वेगाने गेलं असं समजून थांबायचं. सवय लागायला काही आठवडे लागतात. केमो किंवा रेडिएशन चालू असताना, जुलाब असताना, हर्निया असताना नाही. इलिओस्टॉमीला तर मुळीच नाही. आणि डॉक्टरांच्या होकाराशिवाय, नर्सने समोर करून दाखवल्याशिवाय व्हिडिओ बघून सुरू करू नये.

इलिओस्टॉमीवाल्यांना मोठा धोका पाणी आणि मीठ कमी होण्याचा. पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर येऊ लागलं, तोंड कोरडं, लघवी कमी, पायात गोळे, तर ओआरएस सुरू करून डॉक्टरांना फोन. नुसतं साधं पाणी ढोसल्याने उलट आणखी वाहून जातं. पहिले दोन महिने ओलं खोबरं, शेवग्याच्या शेंगा, मका, मशरूम, संत्र्याच्या साली-धागे टाळावेत, ते अडकतात. भात, केळं, साबुदाणा, पोहे यांनी घट्टपणा येतो. बीट खाल्लं की पिशवी लाल दिसते, ते रक्त नव्हे. पोटात कळा, उलट्या आणि पिशवी काही तास कोरडी, हे तिन्ही एकत्र आलं तर घरगुती उपाय न करता हॉस्पिटल. पोट साफ होण्यासाठी जुलाब करणारं औषध घ्यायचं नाही. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या जशाच्या तशा पिशवीत येऊ शकतात. तसं दिसलं तर डॉक्टरांकडून औषधाचा प्रकार बदलून घ्यावा.

आता शिकवणाऱ्यांबद्दल. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या हॉस्पिटलात स्टोमा क्लिनिक असतं आणि तिथल्या प्रशिक्षित नर्सचा सल्ला सगळ्यांत भरवशाचा. जाताना नवी पिशवी लावून जाऊ नये. गळणारी, त्रास देणारी तशीच घेऊन जावं, म्हणजे त्यांना कारण दिसतं. बरोबर एक पूर्ण जास्तीचा संच न्यावा. कंपन्यांचे प्रशिक्षित लोक येऊन लावून दाखवतात, तेही चांगलं शिकवतात, फक्त दुसऱ्या कंपनीचा माल त्यांच्याकडून कळणार नाही.

पण रात्री दोन वाजता अंथरूण खराब झाल्यावर काय करायचं, लग्नाच्या पंगतीत किती वेळ बसायचं, नवऱ्याला किंवा बायकोला कसं सांगायचं, हे नर्सपेक्षा ज्याला पिशवी आहे तोच नीट सांगतो. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही मुंबईतली संस्था अशा माणसांचीच आहे. चिकटणारी पिशवी मुळात सुचली तीसुद्धा १९५४ मध्ये डेन्मार्कच्या एलिसे सोरेन्सेन या नर्सला, स्टोमा झाल्यामुळे घराबाहेर पडायला घाबरणाऱ्या आपल्या बहिणीसाठी; त्यातून १९५७ मध्ये कोलोप्लास्ट उभी राहिली. असोसिएशनच्या स्वयंसेवकाची भेट ऑपरेशनच्या आधी मागावी. बाईला बाईनेच भेटावं, कोलोस्टॉमीवाल्याला कोलोस्टॉमीवाल्यानेच, आणि वयही साधारण जवळचं असावं, एवढं आग्रहाने सांगावं. चांगला स्वयंसेवक शर्ट नीट खोचून येतो, पिशवी कुठे आहे ओळखा म्हणतो, आणि रुग्णाचे रिपोर्ट बघायला मागत नाही. स्टेज, केमो, आयुष्य यांवर बोलू लागला तर तो विषय तिथेच थांबवावा. फोनवरच्या गटांचंही तसंच: कुठल्या दुकानात कुठली रिंग मिळते यासाठी उत्तम, औषधांसाठी नाही.

खर्चाचा अंदाज दरापेक्षा नगांवरून काढावा. टू-पीसला चार दिवसांनी प्लेट धरली तर महिन्याला आठ, उन्हाळ्यात दहा. पिशव्या साधारण दहा ते पंधरा. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन होतं, पण घरी गेल्यावर महिन्यामागून महिने लागणाऱ्या पिशव्यांचा भार सहसा घरावरच पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्टोमाचं नाव नाही. ते यायला हवं. रेल्वेने मात्र विचार केला आहे: ऑस्टॉमीच्या रुग्णाला आणि सोबत्याला मासिक व त्रैमासिक पासावर ५० टक्के सवलत आहे, आणि उपचार किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के. ठरलेल्या नमुन्यातलं हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं. सुटी मिळायच्या दिवशीच समाजसेवा विभागातून ते भरून घ्यावं.

तात्पुरती इलिओस्टॉमी बंद झाल्यावर उरलेले डबे कपाटात पडून राहतात. न फोडलेले असतील तर मुदतीची तारीख बघून, रिंगचा आकडा डब्यावर ठळक लिहून स्टोमा क्लिनिकमध्ये किंवा असोसिएशनकडे द्यावेत. प्लेट आणि पिशवी जोडीने द्यावी, नुसत्या पिशव्या दिल्या तर जुळणारी प्लेट शोधण्यात त्या तशाच राहतात.